आधी पाणी वाचा, मग गळ निवडा

ऑक्टोबर सरत आलेला असतो. वऱ्हाडात कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, सोयाबीनची मळणी आटोपत आलेली असते आणि पावसाळ्यात गढूळलेले तलावांचे पाणी हळूहळू निवळू लागलेले असते. अशा एखाद्या सकाळी तलावाच्या काठी, जिथे पाणवेलींचा हिरवा पट्टा संपून उघडे पाणी सुरू होते, तिथे घटकाभर शांत उभे राहावे. पाणवेलींच्या कडेला अचानक दबका आवाज होतो, एक वर्तुळ उमटते आणि विरून जाते. नवख्याला वाटते, बेडकाने उडी मारली. जाणकार मात्र ओळखतो, की ही मरळ आहे आणि ती श्वास घेण्यासाठी वर आली होती.

हातात काठी आणि रीळ असलेल्या माणसापुढे त्या क्षणी एकच प्रश्न उभा राहतो : दोरीच्या टोकाला बांधायचे काय? गांडूळ आणि कणकेची गोळी हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्तर. गेल्या काही वर्षांत मात्र अमरावती-अकोल्याच्या हौशी मंडळींच्या हाती कृत्रिम आमिषे, म्हणजेच ‘ल्यूर’, दिसू लागली आहेत. रबरी बेडूक, चमकणारे पितळी चमचे, काचेच्या डोळ्यांचे प्लास्टिकचे मासे, पिसांच्या माश्या असा हा पसारा आहे. घरबसल्या मागवता येणाऱ्या या वस्तूंचे रंग आणि आकार इतके आहेत, की निवड करताना माणूस गोंधळून जातो आणि शेवटी स्वतःला आवडेल तेच घेतो. चूक नेमकी तिथेच होते. आमिष माणसाला नव्हे, माशाला आवडावे लागते; आणि माशाला काय आवडेल हे तो ज्या पाण्यात राहतो ते पाणी सांगते.

पिकरेल तिकडची, मरळ इकडची

कृत्रिम आमिषांवरचे बरेचसे लेखन अमेरिकेतील आणि युरोपातील माशांना समोर ठेवून झालेले आहे. त्यात पिकरेल या माशाचा उल्लेख वारंवार येतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील उथळ, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यांत राहणारा, बदकाच्या चोचीसारखे तोंड आणि तीक्ष्ण दात असलेला हा मासा. तो भक्ष्याचा दूरवर पाठलाग करीत नाही. पाणवनस्पतींच्या आड निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखा सुटतो.

हा मासा आपल्याकडे नाही. मात्र त्याच्यासारखी जागा आणि त्याच्यासारखी वृत्ती असलेली मरळ आपल्याकडे आहे. दोघींचे कूळ वेगळे, शरीररचना वेगळी. पण दबा धरून झडप घालण्याची रीत जवळपास एकच. म्हणूनच पिकरेलसाठी आमिष निवडण्याचे जे मूलभूत नियम आहेत, ते थोड्या फेरफाराने मरळीलाही लागू पडतात. फेरफार करावा लागतो तो दोन कारणांनी. मरळ हवेत श्वास घेते आणि ती आपल्या पिलांची राखण करते. ही दोन कारणे नीट समजली, की आमिषाची निवड सोपी होते. आणि आमिष कधी पाण्यात टाकूच नये, हेही कळते.

कला जुनी, मालमसाला नवा

माशाला फसवण्याची कला पाश्चात्त्यांकडून आली, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, गळ आणि दोरी यांचा तपशील त्यात येतो. कोणत्या माशाला कोणते खाद्य, हा विचार दख्खनच्या भूमीत नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला गेला होता, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पिसांच्या कृत्रिम माशीचा उल्लेख मात्र त्याहून जुना आहे. रोमन काळातील एलियन या लेखकाने मॅसिडोनियातील कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची पिसे बांधतात, असे वर्णन केले आहे. धातूच्या चमच्याची गोष्ट अधिक गमतीची. अमेरिकेतील ज्युलिओ ब्युएल याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला, तो लकाकत बुडत असताना एका माशाने त्यावर झडप घातली आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. त्याने १८५२ मध्ये या आमिषाचे पेटंट घेतले. फिनलंडच्या लाउरी रापाला याने १९३६ मध्ये बुचाचा एक लहान मासा कोरला. थव्यातला जखमी मासा जसा डगमगत पोहतो, तशी त्याची चाल होती. आज दुकानात मिळणारे ‘मिनो’ त्याच कल्पनेचे वंशज होत.

भारतातील तलावांचा स्वतंत्र विचार करणारा पहिला प्रसिद्ध लेखक म्हणजे मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. पुढे केवळ तलावातील मासेमारीसाठी त्याने ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे वेगळे पुस्तक लिहिले. नदी वेगळी, तलाव वेगळा, म्हणून साधनेही वेगळी, हा त्यामागचा विचार आजही जुना झालेला नाही.

मरळ शिकार कशी करते?

मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवेतील प्राणवायू शोषून घेणारे एक खास इंद्रिय असते. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आटले, तापले आणि त्यातला प्राणवायू कमी झाला, तरी जिथे रोहू-कटला तडफडतात तिथे मरळ तग धरते. बाजारात ती घमेल्यात जिवंत विकायला ठेवलेली दिसते, ती याच बळावर. या सोयीची किंमत मात्र तिला मोजावी लागते. ठरावीक वेळाने तिला पृष्ठभागावर यावेच लागते आणि आली की तिची जागा उघड होते.

तिचे डोळे डोक्याच्या पुढच्या भागात, थोडे वरच्या अंगाला असतात. तोंड मोठे, खालचा जबडा किंचित पुढे. बेडूक, लहान मासे, झिंगे आणि पाण्यावर पडणारे किडे हे तिचे खाणे. म्हणजे तिचे लक्ष बहुधा आपल्या समोर आणि वर असते. तिच्या डोळ्यांच्या खालून, तळाशी सरपटत जाणारे आमिष कितीही सुंदर असले तरी त्याला यश कमीच. शिवाय इतर माशांप्रमाणे तिच्या अंगावरही पार्श्वरेखा असते. पाण्यातील सूक्ष्म कंपने या रेषेतून तिला कळतात. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही तिथे ही रेषाच डोळ्यांचे काम करते.

या तीन गोष्टींवरून एक सूत्र हाती येते. आमिष वरच्या थरात चालावे, पाणवेलींत न अडकता त्यांच्या कडेने जावे आणि पाणी गढूळ असेल तर त्याने आवाज किंवा कंपने निर्माण करावीत.

वऱ्हाडातील पाण्याचे प्रकार

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांची रेलचेल आहे. पश्चिम विदर्भात तसे नाही. इथल्या पाण्याचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतील. पहिला मोठ्या धरणांचा. मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर, अकोल्याची तहान भागवणारे महान येथील काटेपूर्णा, तेल्हारा तालुक्यातील वान, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर ही त्याची उदाहरणे. दुसरा लहान आणि उथळ तलावांचा. अमरावतीकरांच्या परिचयाचे वडाळी आणि छत्री तलाव एकेकाळी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले, ते या प्रकारात येतात. तिसरा पूर्णा, मोर्णा यांसारख्या संथ वाहणाऱ्या नद्यांच्या डोहांचा. चौथा शेततळ्यांचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर त्यांची संख्या वाढली.

मोठ्या धरणात मरळ खोल मध्यभागी शोधणे व्यर्थ. तिथे ती बॅकवॉटरच्या उथळ भागात, पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या आणि लव्हाळ्यांच्या आसपास असते. लहान तलावात जिथे कमळ, शिंगाड्याचे वेल किंवा पाणकणसे असतील, तिथे तिचा मुक्काम. नदीचे गणित थोडे निराळे. मोर्णा नदीत जलपर्णी इतकी माजली होती, की २०१८ च्या जानेवारीत अकोलेकर मोठ्या संख्येने नदीत उतरले आणि त्यांनी ती हाताने उपसून काढली. त्या मोहिमेची दखल पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही घेतली गेली. थोड्या वनस्पती मरळीला आडोसा देतात; परंतु पाणी संपूर्ण झाकून टाकणारी जलपर्णी प्रकाश आणि प्राणवायू अडवते आणि मरळीचे भक्ष्य असलेली लहान मासळीच संपवते. आडोसा आणि उघडे पाणी जिथे एकमेकांना भिडतात, ती सीमारेषा गळ टाकणाऱ्याची खरी जागा.

रबरी बेडूक : पहिली निवड

मरळीसाठी एकच आमिष घ्यायचे असेल, तर ते पोकळ अंगाचा रबरी बेडूक हेच होय. त्याच्या पोटाखालून निघणारा दुहेरी गळ पाठीला चिकटून वर वळलेला असतो. त्यामुळे तो कमळाच्या पानांवरून, शेवाळाच्या थरावरून न अडकता घसरत जातो. मरळीने जबड्यात दाबला की रबर चेपते आणि गळाची टोके उघडी पडतात.

विकत घेताना एक साधी परीक्षा करावी. बेडूक दोन बोटांत धरून दाबावा. सहज चेपला आणि गळाची दोन्ही टोके स्पष्ट वर आली, तर तो कामाचा. रबर कडक असेल तर झडप बसेल, पण मासा लागणार नाही. स्वस्त बेडकांच्या शिवणीतून पाणी आत शिरते आणि तो बुडू लागतो. म्हणून दर चार-पाच फेकींनंतर तो पिळून पाणी काढावे. मागचे रबरी पाय फार लांब असतील आणि मरळ नुसते पायच ओढून सोडून देत असेल, तर ते कात्रीने थोडे आखूड करावेत.

चालवण्याची रीतही निवडीइतकीच महत्त्वाची. बेडूक वर्तुळ उमटलेल्या जागी नव्हे, तर त्याच्या पलीकडे टाकावा आणि थांबत-थांबत ओढत आणावा. उघड्या पाण्याच्या छोट्या खिडकीपाशी आला की क्षणभर तिथेच थांबवावा. झडप बहुधा इथेच येते. पाणी उसळताच काठीला हिसका देण्याचा मोह अनावर होतो आणि नवख्यांच्या हातून निम्म्याहून अधिक मरळी सुटतात त्या याच घाईने. काठीचे टोक खाली करावे, दोरी ताणली जाईपर्यंत एक-दोन क्षण थांबावे आणि मग जोर लावावा.

या बेडकाच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद आहे. आपल्याकडे मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला लावण्याची जुनी पद्धत आहे. ती क्रूर तर आहेच, शिवाय शेतीच्याही मुळावर येणारी आहे. बेडूक पिकांवरचे किडे खातो. त्याच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली ती उगाच नव्हे. मोठ्या भारतीय बेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. एक रबरी बेडूक कित्येक हंगाम टिकतो आणि तितके जिवंत बेडूक वाचवतो.

चमचा, फिरकी आणि मिनो

पाणी जिथे थोडे उघडे आहे, तिथे चमचा उपयोगी पडतो. ओढताना तो डावी-उजवीकडे डुलतो आणि जखमी माशाच्या कुशीसारखा लकाकतो. पाणवेलींच्या आसपास वापरायचा असेल तर एकेरी गळाचा आणि टोकापुढे तारेची आड असलेला चमचा निवडावा. तीन टोकांच्या गळाचा चमचा पाणवेलींत पहिल्याच फेकीला अडकतो.

फिरकी, म्हणजे स्पिनर, हे गढूळ पाण्याचे आमिष. तिचे पाते पाण्यात गरगर फिरते आणि कंपने निर्माण करते. पाते गोलाकार असेल तर ते सावकाश ओढूनही फिरते आणि पाण्याला अधिक हलवते. ते गढूळ पाण्यासाठी. पाते लांबट, विळ्याच्या पानासारखे निमुळते असेल, तर लकाकी अधिक आणि कंपने कमी; ते स्वच्छ पाण्यासाठी. वाकवलेल्या तारेच्या एका टांगेवर पाते आणि दुसरीवर गळ अशी जी रचना मिळते, ती वनस्पतींतून त्यामानाने सुखरूप बाहेर येते.

मिनो घेताना त्याच्या तोंडापुढची पारदर्शक जीभ पाहावी. ती आखूड आणि उभी असेल तर मासा उथळ पोहतो. लांब आणि आडवी असेल तर खोल डुबकी घेतो. मरळीसाठी आखूड जिभेचा, सोडल्यावर तरंगणारा मिनो घ्यावा, कारण वनस्पतींना टेकताच ओढणे थांबवले की तो आपोआप वर येतो. पाणवेली दाट असतील तर मिनोऐवजी शेपूट हलवणारा मऊ रबरी मासा वापरावा आणि गळाचे टोक त्याच्या अंगातच लपवावे.

पिसांची माशी मरळीला चालते का?

चालते, पण तिचे तंत्र वेगळे आहे. इतर आमिषे स्वतःच्या वजनाने दूर जातात. पिसांच्या माशीला वजन जवळजवळ नसते. तिथे जड दोरी फेकली जाते आणि माशी तिच्या मागून जाते. म्हणून काठी, दोरी आणि माशी या तिघींचा मेळ बसावा लागतो. डोंगरी ओढ्यातील ट्राउटसाठी बनवलेली नखाएवढी माशी मरळीपुढे टाकणे म्हणजे पंगतीत बसलेल्या भुकेल्याला बडीशेप वाढण्यासारखे आहे. मरळीसाठी बोटभर लांबीची, भरगच्च माशी हवी.

दोन प्रकार पुरेसे होतात. पहिला, हरणाचे किंवा कृत्रिम केस दाबून-कातरून बनवलेला तरंगता बेडूक किंवा पुढून खोलगट तोंडाचा ‘पॉपर’. ओढला की तो पाण्यावर ‘पक्’ असा आवाज करतो. दुसरा, लांब पिसांचा आणि थोड्या चंदेरी धाग्यांचा ‘स्ट्रीमर’, जो पाण्यात लहान माशासारखा दिसतो. दोन्हींत गळाच्या टोकापुढे जाड नायलॉनचे कडे असावे, नाहीतर प्रत्येक फेकीत शेवाळच हाती येईल. काठी आणि दोरी सात किंवा आठ क्रमांकाची घ्यावी. दुपारच्या वाऱ्यात एवढी माशी फेकणे कष्टाचे असते. सकाळची पहिली दोन तास हीच तिची वेळ.

रंगाचा भ्रम

आमिषाच्या रंगावर हौशी मंडळींत तासन्‌तास वाद होतात. वस्तुस्थिती अशी, की पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो. थोड्या खोलीवर आणि गढूळ पाण्यात तो काळपट दिसू लागतो. पाण्यावर तरंगणाऱ्या बेडकाच्या बाबतीत तर पाठीवरची नक्षी मासा पाहतच नाही. तो खालून पाहतो. त्याला दिसते ते पोट आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवरची काळी आकृती. पाठीवरचे सुंदर ठिपके ग्राहकासाठी असतात.

व्यवहारात एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी, हिरवा, तपकिरी असे नैसर्गिक रंग. काळ्या मातीने गढूळलेले पाणी असेल तर पांढरा किंवा गडद पिवळा, उठून दिसणारा रंग. पहाट आणि संधिकाल असेल तर काळा. अंधूक प्रकाशात काळ्या रंगाची आकृती सर्वांत ठळक दिसते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

दोरीविषयी थोडक्यात सांगायचे तर, पाणवेलींतून मरळ ओढून काढायला तीस ते पन्नास पौंड ताण सोसणारी विणीची दोरी आणि ताठ काठी हवी. दोरी बारीक घेतली तर ती तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. ते त्याच्यासाठी संथ मरण असते.

ऋतू आणि एक लक्ष्मणरेषा

हिवाळ्यात पाणी थंड झाले की मरळ मंदावते. आमिष सावकाश आणि तिच्या अगदी जवळून न्यावे लागते, त्यामुळे लहान रबरी मासा बेडकापेक्षा सरस ठरतो. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन वाढू लागले की ती पुन्हा वरच्या थरात येते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा आटलेल्या डबक्यांत मरळी दाटीने उरतात. तेव्हा त्या पकडणे सोपे असते. पण ती शिकार नव्हे, लूट होय. पुढच्या पावसात तलाव पुन्हा भरणार तो याच उरलेल्या माशांच्या जोरावर.

खरी लक्ष्मणरेषा पावसाळ्यात आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर मरळीची जोडी उथळ पाण्यातील वनस्पती बाजूला सारून मोकळी जागा करते. अंडी तिथे पाण्यावर तरंगतात. त्यांतून निघालेली पिले पुढचे काही आठवडे थव्याने राहतात. हा थवा श्वासासाठी वर आला, की पाण्यावर नारिंगी-तांबूस बुडबुडे उकळल्यासारखे दिसतात. त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात.

या वेळी थव्याजवळून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर मरळ तुटून पडते, ती भुकेने नव्हे, रागाने. आमिष कोणतेही चालते, रंग कोणताही चालतो, फेक कशीही चालते. काही ठिकाणी यालाच मोठे कौशल्य समजून थवा दिसला की त्यावर बेडूक फेकला जातो. पण राखण करणारी मरळ उचलली, की इतर माशांना, बगळ्यांना आणि पाणकावळ्यांना तो थवा म्हणजे मांडलेले ताट होते. एका मरळीबरोबर शेकडो पिले जातात. समुद्रातील पावसाळी मासेमारीबंदी आपल्याला वर्तमानपत्रांतून ठाऊक असते. तलावाच्या काठावर पहारा देणारे कोणी नसते. तिथे बंदी आपणच आपल्यावर घालायची असते. नारिंगी थवा दिसला, की काठी गुंडाळून घरी यावे.

इतर शिकारी मासे

आमिषाला येणारा दुसरा मोठा मासा म्हणजे शिवडा. लांब मिशांचा, रुंद तोंडाचा आणि निशाचर. तो खोल पाण्यात राहतो, म्हणून त्याला जड चमचा किंवा लांब जिभेचा मिनो लागतो. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत या जातीची नोंद असुरक्षित म्हणून झाली आहे. लागलाच तर सोडून देणे शहाणपणाचे. खडस, म्हणजे महाशीर, हा वाहत्या स्वच्छ पाण्यातला मासा. मेळघाटातील सिपना, खापरा, गाडगा, डोलार या तापीच्या खोऱ्यातील नद्या ऐकून अनेकांचे हात शिवशिवतात. परंतु मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेला, देशातील पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे आणि संरक्षित क्षेत्रात गळ टाकणे हा वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. काटेपूर्णाच्या जलाशयालाही अभयारण्य लागून आहे. हद्द माहीत करून घेतल्याशिवाय तिथे पिशवी उघडू नये.

उरलेल्या पाण्यातही मुक्त संचार नाही. बहुतेक तलाव आणि जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. भोई समाजातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालतो. आपल्यासाठी जी रविवारची हौस, ती त्यांच्यासाठी रोजची चूल आहे. म्हणून आधी संस्थेला विचारावे, सांगतील ते शुल्क द्यावे आणि पावती घ्यावी. शेततळे असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा उतार विलक्षण निसरडा असतो, तिथे एकट्याने कधीही उतरू नये.

पहिली पेटी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पन्नास आमिषे घेण्याची गरज नाही. एक काळा आणि एक हिरवा-तपकिरी रबरी बेडूक, एकेरी गळाचा एक चमचा, गोल पात्याची एक फिरकी आणि अंगात गळ लपवता येईल असे दोन मऊ मासे एवढ्यात वऱ्हाडातील वर्षभराचे पाणी बसते. सोबत लांब चिमटा हवाच. घरी नेल्यावर तीन टोकांचे गळ काढून एकेरी लावावेत आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा. काही मासे सुटतील. पण जे सोडायचे आहेत ते धडपणे सुटतील. मासा हाताळताना हात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. तुटलेली दोरी काठावर टाकू नये. तिच्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि पेटी उघडण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पाहावे. पाणी किती निवळले आहे, वारा कुठून आहे, पाणवेलींची कड कुठे आहे, वर्तुळे कुठे उमटतात, कुठे नारिंगी थवा तर नाही ना. या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कोणते आमिष बांधायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही. कधी-कधी ते उत्तर ‘आज काहीच नको’ असेही असते. ज्याला तेही ऐकू येते, त्याच्या तलावात पुढच्या ऑक्टोबरातही पाणवेलींच्या कडेला वर्तुळे उमटत राहतात.